अख्ख्या गाडीचा जामीन कोण?

बाजारातून वस्तू विकत आणणे आणि बिघडलेली वस्तू दुरुस्त करून घेणे, हे दोन्ही व्यवहार वरवर पाहता पैसा मोजून मोबदला घेण्याचेच असले, तरी गिऱ्हाइकाच्या हाती उरणाऱ्या अधिकाराच्या दृष्टीने त्यांच्यात जमीनअस्मानाचे अंतर आहे. कापड घेणारा ते बोटांनी चाचपून, उजेडात धरून, चार दुकाने हिंडून घेतो. आणि पहिल्याच धुण्यात त्याचा रंग गेला, तर आपण फसलो एवढे तरी त्याला निश्चितपणे कळते. मोटारगाडी गॅरेजात लावून, किल्ली मेकॅनिकच्या हाती देऊन रिक्षाने घरी परतणाऱ्या मनुष्याला एवढेही ज्ञान लाभत नाही. इंजिनाचे हेड खरोखरच उघडण्याची गरज होती काय, उघडल्यावर त्याचा पृष्ठभाग सपाट आहे की नाही हे मोजले काय, बिलात लिहिलेली बेअरिंग नवी घातली की जुनीच ग्रीस लावून परत बसवली, यांतील एकाही प्रश्नाचे उत्तर त्याला दुरुस्तीपूर्वी ठाऊक नसते, आणि गाडी सुरळीत चालू लागली तरी दुरुस्तीनंतरही ठाऊक होत नाही.

या अवस्थेची शास्त्रशुद्ध चिकित्सा अर्थशास्त्रज्ञांनी केलेली आहे, आणि योगायोगाने तिचा आरंभ मोटारींपासूनच झाला. जॉर्ज अकेरलॉफ यांनी १९७० साली प्रसिद्ध केलेल्या एका निबंधात जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन असे दाखवून दिले, की विकणाऱ्याला मालाचा खरा गुण ठाऊक असतो आणि घेणाऱ्याला तो ठाऊक नसतो, तेव्हा घेणारा भीतीपोटी सरासरीचीच किंमत देऊ करतो. ती किंमत चांगल्या गाडीच्या मालकाला परवडत नाही, म्हणून तो बाजारातून निघून जातो. आणि मागे उत्तरोत्तर निकृष्ट माल शिल्लक राहतो. या विचाराबद्दल त्यांना २००१ साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. अकेरलॉफ यांच्या निबंधानंतर तीनच वर्षांनी मायकेल डार्बी आणि एडी कार्नी या दोघा अभ्यासकांनी आणखी एक पाऊल पुढे टाकून, ज्यांचा खरा दर्जा उपभोगानंतरही गिऱ्हाइकाला कळू शकत नाही आणि ज्या केवळ देणाऱ्याच्या शब्दावर भिस्त ठेवून घ्याव्या लागतात, अशा सेवांचा एक स्वतंत्र वर्गच कल्पिला. वाहनदुरुस्ती ही त्या वर्गातील अगदी ठळक सेवा होय. इथे जो माणूस रोगाचे निदान करतो तोच औषधही विकतो, आणि औषध जितके महाग तितका त्याचा लाभ अधिक असतो.

आपल्याकडील मोटारमालकांच्या मागच्या पिढीला हा प्रश्न इतका तीव्रतेने जाणवला नाही, याची कारणे त्या काळच्या गाड्यांतच सापडतात. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून दीर्घकाळ निघत राहिलेली फियाट, आणि तिचेच पुढे पद्मिनी झालेले रूप, हे यंत्र उघड्या स्वभावाचे होते. बॉनेट उचलले की कार्ब्युरेटर, डिस्ट्रिब्युटर, डायनॅमो, पंखा, पाण्याचा पंप हे सारे डोळ्यांना दिसत असे. बिघाड बहुधा कानांना ऐकू येत असे किंवा नाकाला कळत असे. आणि पान्यांचा एक संच, प्लग साफ करण्याचा ब्रश व पॉइंटमधील फट मोजण्याची पट्टी एवढ्या सामग्रीवर नुक्कडावरचा मिस्त्री अख्खी गाडी सांभाळीत असे. मालक स्टुलावर बसून काम पाही, मिस्त्री काढलेला भाग त्याच्या हातावर ठेवी, आणि पुण्यात नाना पेठेतून किंवा मुंबईत ऑपेरा हाउसच्या बाजूच्या दुकानांतून नवा भाग आणण्यास पुष्कळदा मालकच जाई. मुंबईच्या रस्त्यांवरील शेवटची पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ रोजी निवृत्त झाली, त्याच्या कितीतरी आधी हा शिरस्ता मोडकळीस आलेला होता.

त्या जुन्या मिस्त्रीला देवत्व देण्याचे कारण नाही. तोही अंदाजाने बोल्ट आवळी, तोही कधी ब्रेकची नळी तारेने बांधून गाडी रस्त्यावर सोडी, आणि त्याच्या हातून वाया गेलेल्या इंजिनांची संख्या थोडी नसावी. पण त्याच्या कामात एक गोष्ट होती, ती आज विचारपूर्वक आठवली पाहिजे. गाडीचा कोणताही भाग ‘माझ्याकडे येत नाही’ असे त्याला म्हणता येत नसे. घाटात गाडी तापली तर दोष रेडिएटरचा असो, पंपाचा असो, वेळ चुकलेल्या इग्निशनचा असो, की मालकाने पाणी भरण्यात केलेल्या आळसाचा असो, जाब त्यालाच विचारला जाई आणि तो त्यालाच द्यावा लागे. अख्ख्या गाडीला एक जामीन होता.

विशेषज्ञ आले ते काही कोणाच्या लोभातून आले नाहीत, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली आणि त्यानंतरच्या दोन दशकांत मोटारीचे अंतरंग समूळ पालटले. कार्ब्युरेटर जाऊन इंधन फवारणारे इंजेक्टर आले, त्यांवर हुकमत चालवणारा छोटा संगणक आला, आणि डिझेल गाड्यांत कॉमन रेल पद्धती आली, जिच्यात इंधनाचा दाब सोळाशे बार म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या सुमारे सोळाशे पट इतका चढू शकतो. १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या बी.एस. ६ मानकांमुळे धुरातील काजळी धरून ठेवणारी गाळणीही डिझेल गाड्यांना बहुधा अपरिहार्य झाली. कॉमन रेल पद्धतीतील इंजेक्टर बदलताना त्याच्या अंगावर कोरलेला सांकेतिक क्रमांक बऱ्याच गाड्यांत संगणकाला कळवावा लागतो. कारण कारखान्यात प्रत्येक इंजेक्टरची फवारणी मोजून तिच्यातील सूक्ष्म फरक त्या क्रमांकात नोंदवलेला असतो. हे काम रस्त्याकडेच्या पान्यांनी होण्यासारखे नाही. सबब पंपवाला वेगळा झाला, गिअरबॉक्सवाला वेगळा झाला, ए.सी.वाला, स्कॅनरवाला, सस्पेन्शनवाला, डेंटिंग-पेंटिंगवाला असे निरनिराळे हात तयार झाले, आणि यांतील चांगल्या कारागिरांचे कौशल्य पाहताना आदर वाटावा असेच ते आहे. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात एखादा जाणता लेथवाला क्रँकशाफ्टवर मायक्रोमीटर लावून मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्श्याबद्दल ज्या गांभीर्याने बोलतो, ते गांभीर्य अनेक सुशिक्षित व्यवसायांत आढळत नाही.

प्रश्न कौशल्याचा नाही; या निरनिराळ्या कौशल्यांच्या मध्ये जी जागा मोकळी राहिली आहे, तिचा आहे. ती जागा कशी असते, हे आमच्या सोसायटीतील एका निवृत्त मुख्याध्यापकांच्या गाडीवरून मला जवळून पाहावयास मिळाले, आणि तो प्रकार तपशिलाने सांगण्याजोगा आहे. कारण त्यात कोणीही सराईत ठक नव्हता.

सरांची गाडी लहान, पेट्रोलची, दहा-बारा वर्षांची होती. साताऱ्याला जाताना खंबाटकी घाट चढत असता तिच्या तापमानाचा काटा लालीकडे सरकू लागला. पुण्यात परतल्यावर ते इंजिनाच्या कामात नावाजलेल्या एका गॅरेजात गेले. तेथील उस्तादांनी पाण्याच्या टाकीचे झाकण उघडून पाहिले, इंजिन सुरू करून क्षणभर कान दिला, आणि हेड गॅस्केट गेली आहे, हेड उतरवावे लागेल, असा निकाल दिला. हेड उतरले, लेथवर जाऊन घासून आले, नव्या गॅस्केटवर बसले. काम पुरे करताना उस्तादांनी आणखी एक गोष्ट केली, जी आपल्या देशातील असंख्य गॅरेजांत केली जाते आणि जिच्याबद्दल गिऱ्हाइकाला बहुधा काहीच सांगितले जात नाही. त्यांनी थर्मोस्टॅट काढून टाकला.

थर्मोस्टॅट हा काही शे रुपयांत मिळणारा भाग आहे. त्याच्या पोटात मेणाची एक गोळी असते. इंजिनातील पाणी साधारण ८२ ते ८८ अंश सेल्सिअसपर्यंत तापले की ती फुगते आणि रेडिएटरकडे जाणारे दार उघडते. तोपर्यंत पाणी इंजिनातल्या इंजिनात फिरते, म्हणजे इंजिन लवकर योग्य उष्णतेला येते. दार अडकून बसले तर गाडी तापते, हे खरे. आणि म्हणूनच ‘आपल्या हवेत याची गरज नाही’ असे म्हणून तो भाग उपटून टाकण्याची वहिवाट पडली. पण तो नसला म्हणजे इंजिन सतत थंड राहते, संगणक त्याला थंडच समजून जास्त पेट्रोल सोडतो, आणि काही इंजिनांच्या रचनेत तर थर्मोस्टॅट आपल्या दुसऱ्या अंगाने जो आडमार्ग बंद करतो तो कायमचा उघडा राहून पाणी रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनातच शिरते. परिणामी शहरात काटा खाली राहतो आणि घाटात भार पडला की गाडी पूर्वीपेक्षा लवकर तापते.

सरांच्या बाबतीत हेच घडले. ते पुन्हा गॅरेजात गेले, तेव्हा मिळालेले उत्तर त्यांनी मला जसेच्या तसे सांगितले : “सर, हेडचं काम आम्ही एकदम ओके करून दिलंय. रेडिएटर आमच्याकडे येत नाही, ते रेडिएटरवाल्याला दाखवा.” रेडिएटरवाल्याने टाकी उतरवून साफ केली, निम्म्या नळ्या चोंदल्या होत्या असे सांगितले, आणि पंखा उशिरा लागतो, तो इलेक्ट्रिशियनचा मामला आहे, असा शेरा मारला. इलेक्ट्रिशियनने पंखा ‘डायरेक्ट’ करून दिला, म्हणजे किल्ली फिरवताच तो अष्टौप्रहर फिरत राहावा अशी तार जोडली. आता डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला आणि पेट्रोलचा खर्च डोळ्यांत भरण्याइतका वाढला. त्यासाठी स्कॅनरवाला पाहावा, असा सल्ला इलेक्ट्रिशियननेच दिला. प्रत्येकाने आपापले काम आपल्या समजुतीप्रमाणे पुरे केले होते, प्रत्येकाच्या बिलात तथ्य होते, आणि गाडी घाट चढण्यास पूर्वीपेक्षा अधिक नालायक झाली होती.

स्कॅनरविषयी येथेच चार शब्द लिहिणे भाग आहे. कारण गिऱ्हाइकाचा सर्वांत मोठा गैरसमज याच यंत्राभोवती असतो. गाडीला यंत्र लावले, पडद्यावर सांकेतिक आकडा उमटला, म्हणजे दोष सापडला, असे आपण मानतो, आणि दुर्दैवाने अनेक विशेषज्ञही तसेच मानून भाग बदलू लागतात. वास्तविक तो आकडा लक्षणाची नोंद असते. उदाहरणार्थ, ‘पी ०१७१’ हा संकेत इतकेच सांगतो, की इंजिनात हवेच्या मानाने इंधन कमी पडत आहे. रबराची एखादी नळी चिरून बाहेरची हवा आत शिरत असेल, हवा मोजणारे साधन मळले असेल, पेट्रोलचा पंप म्हातारा झाला असेल, गाळणी तुंबली असेल, किंवा धुराच्या नळीतील संवेदकाची वाचनेच चुकत असतील. यांतील खरे कारण कोणते, हे एकेक शक्यता क्रमाने तपासून, मोजमाप घेऊन ठरवावयाचे असते, आणि ते मानवी बुद्धीचे काम आहे. ज्याला ते येत नाही किंवा त्यासाठी वेळ काढावयाचा नाही, तो संवेदक बदलतो, मग पंप बदलतो, मग इंजेक्टर साफ करतो. आणि कधी तरी योगायोगाने दिवा विझला, की शेवटी बदललेल्या भागावर सारा दोष ठेवून मोकळा होतो. आधीच्या भागांचे पैसे कोणत्या न्यायाने घेतले, हा प्रश्न विचारण्याचे गिऱ्हाइकाला सुचत नाही.

विश्वास नेमका कोठे तुटतो, याचा विचार करता मला असे दिसते, की केवळ चूक झाली म्हणून तो सहसा तुटत नाही. यंत्र गुंतागुंतीचे आहे, निदान चुकू शकते, हे समंजस गिऱ्हाईक जाणतो. विश्वास तुटतो तो कैफियत मागितल्यावर मिळणाऱ्या वागणुकीने. आपण काय पाहिले, काय मोजले, कोणत्या कारणाने हा भाग बदलला, आणि तरीही गाडी बरी झाली नाही तेव्हा आपल्या तर्कात कोठे खोट राहिली, हे सांगण्याऐवजी विशेषज्ञ जेव्हा आपल्या नावलौकिकाचा दाखला देतो, किंवा दुसऱ्या विशेषज्ञाकडे बोट दाखवतो, त्या क्षणी गिऱ्हाइकाच्या मनात पूर्वीची सारी बिलेही संशयास्पद होतात. आणि हा संशय त्या एका गॅरेजपुरता राहत नाही. पुढे भेटणाऱ्या प्रत्येक कारागिराकडे, तो कितीही सचोटीचा असो, तो मनुष्य आरोपीकडे पाहावे तसे पाहू लागतो.

मोठे नाव म्हणजे मोठी हमी, हा समजही अनुभवाने खोटा ठरवला आहे. १९९२ च्या जून महिन्यात अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या ग्राहक खात्याने सीअर्स या त्या काळच्या अग्रगण्य व्यापारी कंपनीच्या वाहनदुरुस्ती केंद्रांवर गंभीर आरोप ठेवले. खात्याची माणसे सामान्य गिऱ्हाइकांच्या वेषात, स्थिती आधी तपासून ठेवलेल्या गाड्या घेऊन त्या केंद्रांत गेली होती, आणि बहुसंख्य ठिकाणी त्यांना अनावश्यक दुरुस्त्या विकण्यात आल्या. चौकशीत जे मूळ सापडले ते मननीय आहे. सल्ला देणाऱ्या नोकरांच्या मिळकतीचा काही भाग त्यांनी विकलेल्या कामांवर अवलंबून ठेवलेला होता, आणि अमुक इतके शॉक अॅब्सॉर्बर, अमुक इतकी चाकांची जुळणी खपवलीच पाहिजे, अशी उद्दिष्टे त्यांच्या गळ्यात बांधलेली होती. कंपनीच्या अध्यक्षांनी पुढे जाहीरपणे त्या पद्धतीतील दोष मान्य करून ती बंद केली. आपल्याकडील अनेक सर्व्हिस सेंटरांत ‘सर्व्हिस अॅडव्हायझर’ या गोड नावाने जो तरुण आपल्यासमोर जॉब कार्ड घेऊन बसतो, त्याच्या मागे महिन्याच्या विक्रीचा कसला तगादा असतो, हे जाणण्याचा अधिकार गिऱ्हाइकाला असावा असे मला वाटते.

हेन्री श्नायडर यांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासातील निष्कर्ष तर अधिकच चिंताजनक आहे. त्यांनी ठरवून काही साधे दोष ठेवलेली गाडी अनेक गॅरेजांत नेली. काही ठिकाणी आपण गाव सोडून जाणार आहोत असे दर्शवले, तर काही ठिकाणी आपण कायमचे गिऱ्हाईक होण्याची शक्यता दाखवली. नको ती कामे सुचवणे आणि समोरचा दोष न दिसणे हे दोन्ही प्रकार सर्रास आढळले, आणि कायमच्या गिऱ्हाइकाच्या आशेने कामाच्या गुणात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. तपासणीचे शुल्क तेवढे कमी झाले. ‘एकाच गॅरेजला धरून राहा, म्हणजे तो आपली काळजी घेईल’ हा आपला पिढीजात उपदेश या प्रकाशात पुन्हा तपासून पाहावा लागतो.

परंतु कारागिराची बाजू ऐकून न घेता निकाल देणे हा अन्याय होईल, आणि ती बाजू दुबळी नाही. ज्या गाडीची दुरुस्ती त्याने करावी अशी आपली अपेक्षा असते, त्या गाडीचे अधिकृत दुरुस्ती-पुस्तक, तिच्या विद्युतजोडणीचे नकाशे आणि तिच्या संगणकाशी पूर्णपणे बोलू शकणारे यंत्र त्याला मिळतेच असे नाही. २०११ साली एका ग्राहकाने भारतीय स्पर्धा आयोगाकडे याविषयी फिर्याद नेली. तिची व्याप्ती वाढत जाऊन २५ ऑगस्ट २०१४ रोजी आयोगाने चौदा मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला, आणि सुटे भाग व निदानाची साधने स्वतंत्र गॅरेजांपासून दूर ठेवण्याच्या त्यांच्या वहिवाटीवर ठपका ठेवला. प्रकरण अपिलात गेले. पण एवढ्या मोठ्या यंत्रणेने नोंदवलेले निष्कर्ष वाचल्यावर नुक्कडावरच्या मिस्त्रीला सरसकट अडाणी म्हणण्याचे धाडस होऊ नये. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी डिसेंबर २०२२ मध्ये एक संकेतस्थळ सुरू केले, हे पाऊल योग्य दिशेचे आहे. तथापि बहुतेक कारागीर विद्या शिकतात ती अजूनही उस्तादाच्या हाताखाली, पाने उचलून देता देता. आणि उस्तादाने थर्मोस्टॅट काढून टाकलेला पाहिला, की शिष्यही तो आयुष्यभर काढीत राहतो.

फसलेल्या गिऱ्हाइकाने कायद्याकडे जावे म्हटले, तर महाराष्ट्राने या बाबतीत देशाला मार्ग दाखवलेला आहे. बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात ग्राहक पंचायतीची चळवळ उभी केली आणि १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत स्थापन झाली, तेव्हा देशात ग्राहक संरक्षणाचा स्वतंत्र कायदाही नव्हता. तो १९८६ साली आला. सध्या अमलात असलेला २०१९ चा कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. निष्काळजी दुरुस्ती ही त्याच्या भाषेत ‘सेवेतील त्रुटी’ ठरू शकते, जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या मुदतीत तक्रार करता येते, सेवेपोटी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क पडत नाही, आणि १९१५ या राष्ट्रीय साहाय्य क्रमांकावर प्राथमिक दाद मागता येते. खरी अडचण पुराव्याची असते. गाडी हाच पुरावा. आणि चालती गाडी हवी म्हणून आपण ती दुसऱ्या गॅरेजात उघडली, की पहिल्याने काय केले होते याची निशाणी नाहीशी होते. म्हणून वाद उद्भवताच पहिल्या गॅरेजला लेखी कळवणे, दुसरीकडे उघडण्यापूर्वी व उघडताना छायाचित्रे घेणे, दुसऱ्या कारागिराकडून काय आढळले ते त्याच्या सहीनिशी लिहून घेणे, आणि काढलेला प्रत्येक भाग जपून ठेवणे, ही खबरदारी वकिलाच्या नोटिशीपेक्षा मोलाची आहे. त्याहून बरे म्हणजे, काम सोपवतानाच जॉब कार्डावर ‘जुने भाग परत द्यावेत’ असे लिहवून घ्यावे. सरांना जुनी गॅस्केट परत मिळाली नव्हती. ती फुटली होती की शाबूत होती, म्हणजे पहिल्यांदा हेड उघडण्याची मुळात गरज होती की नव्हती, हे आता कोणीही सांगू शकणार नाही.

सरांची गाडी अखेर बरी झाली, आणि ती ज्याने केली त्याच्याकडे जाण्यापूर्वी सर फार घुटमळले. आय.टी.आय.मध्ये मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम पुरा करून काही वर्षे कंपनीच्या वर्कशॉपात काढलेला तो तरुण, गाडी पाहण्याचेच वेगळे पैसे मागत होता. आधीच्या बिलांनी पोळलेल्या सरांना ‘नुसते पाहण्याचे’ पैसे ही आणखी एक लूट वाटली, आणि त्यांना तसे वाटणे स्वाभाविक होते. त्याने पाण्याच्या मार्गाला हातपंपाने दाब देऊन कोठे गळती नाही हे पाहिले. टाकीतील वाफ एका निळ्या द्रवातून ओढून तिच्यात ज्वलनाचा वायू नाही, म्हणजे नवी गॅस्केट धरून आहे, याची खातरजमा केली. रेडिएटरच्या वरच्या व खालच्या नळीचे तापमान वेगवेगळ्या वेगाला मोजले. आणि मग पाण्याचा पंप उतरवून सरांच्या हातावर ठेवला. त्याच्या आतील फिरत्या चक्राची पाती गंजाने खाऊन बोथट झाली होती. वर्षानुवर्षे कूलंटऐवजी बोअरचे जड पाणी भरले गेल्याचा तो परिणाम होता. त्याच पाण्याच्या क्षाराने रेडिएटरच्या नळ्याही चोंदल्या होत्या. सपाट रस्त्यावर तो पंप कसाबसा पुरत असे, घाटात पुरत नसे. पंप, थर्मोस्टॅट, योग्य प्रमाणात कूलंट आणि पंख्याची मूळ जोडणी एवढ्यावर काम भागले.

त्या तरुणाच्या तपासणी-शुल्काचा मी नंतर पुष्कळ विचार केला. आपण गिऱ्हाइके भागांचे पैसे बिनतक्रार देतो, मजुरीवर थोडी घासाघीस करतो, आणि निदानाला तर काही मोलच नाही असे समजतो. तीन तास डोके चालवून ‘तुमच्या गाडीला काही झालेले नाही, नळीची क्लिप तेवढी सैल होती’ असे खरे सांगणाऱ्या माणसाला आपण क्लिपचे पन्नास रुपये देऊन निघतो, आणि तोच मनुष्य अर्ध्या तासात एखादा भाग बदलून मोठे बिल लावतो तेव्हा मात्र निमूटपणे खिशात हात घालतो. ज्याला खरे बोलून पोट भरता येत नाही, तो भाग विकून भरतो. आणि त्याच्या शेजारचा, ज्याला भाग विकण्याचीच विद्या येते, तो भरभराटीला येतो. चांगल्याने बाजार सोडून जावे आणि वाइटाने राहावे, हे अकेरलॉफ यांनी जुन्या गाड्यांबद्दल लिहिले, ते आपल्या गॅरेजांच्या बाबतीत आपण असे स्वतःच्या हातांनी घडवून आणीत असतो. तपासणीचा आकार वेगळा ठरवावा, तो काम करून घेतले नाही तरी द्यावा, तपासणीत जे मोजले ते आकड्यांसह लेखी घ्यावे, आणि तो कागद घेऊन हवे तर दुसऱ्याकडे काम करण्याची मोकळीक असावी, एवढा एक बदल जरी सर्वत्र रुजला, तरी निदान करणाऱ्याचा लाभ औषधाच्या किमतीपासून सुटा होईल. त्या तरुणाने सरांना दिलेल्या कागदावर दोन्ही नळ्यांची तापमाने, दाब किती ठेवला आणि तो किती वेळ टिकला, हे सारे लिहिलेले होते, आणि तळाशी, काम दुसरीकडे करावयाचे असल्यास हा कागद सोबत न्यावा, अशी ओळ होती.